आमच्या रक्ताचं कुलूप

सायबांनो, शिवाशिव मानत नाही म्हणता. पण आमचं रक्त तुम्हाला काचेच्या नळीतच बरं वाटतं.

भंडाऱ्यात सिकलसेल सांगावा लागत नाही. सांधे ठणकले, डोळे पिवळे पडले, की बाया म्हणतात, एसएस असंल. 1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरच्या महारांतला सिकलसेल 'लॅन्सेट'मध्ये लिहिला. आमची जात विज्ञानात नोंदली गेली. औषधात काऊन नाही?

मायच्या पोटात असताना आमच्या पोरांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. तेव्हा हिमोग्लोबिन वेगळं असते, गॅमा साखळीचं. जन्मानंतर सहाएक महिन्यांत गॅमाचं जनुक जवळजवळ बंद पडते. डीएनएमधल्या सायटोसिन नावाच्या अक्षरावर मिथाइलचा इवलासा गट बसते, तेच कुलूप. कुलपं आणखीही आहेत, पण हे ओळखणारी अँटीबॉडी प्रयोगशाळांना विकत मिळते. उंदराला, सशाला टोचून तयार केलेली. डीएनए तापवून दोन धागे सुटे केले की ती मिथाइलवाल्या सायटोसिनला नेमकी चिकटते, बाकीच्याला सोडते. (जात हुंगणारे आमच्या गावातही असेच नेमके. त्यांना बर्फात ठेवावं लागत नाही, एवढंच.)

1982 साली अमेरिकेत थॅलेसेमियाच्या रोग्याला अ‍ॅझासायटिडिन देऊन हे कुलूप सैल केलं. पोटातलं हिमोग्लोबिन परत वाढलं. पुढं हायड्रॉक्सियुरिया आलं, साधी कॅप्सूल, तीही तेच हिमोग्लोबिन वाढवते. डिसेंबर 2023 मध्ये जनुक कापायचा उपचार तिकडं मंजूर झाला, किंमत 22 लाख डॉलर. आमच्या सात पिढ्यांनी हमाली केली तरी फिटत नाही.

इकडं 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये पंतप्रधानांनी निर्मूलन मोहीम काढली. 7 कोटी लोक तपासणार, 2047 पर्यंत रोग संपवणार. मोहिमेचं तोंड आदिवासी भागाकडं. बरोबरच आहे, गोंडाचं पोरगं आमचंच. पण बौद्धवाड्यातलं कोणाचं? अन् तपासून कार्ड देता, लग्नाआधी जुळवा म्हणता. पत्रिका आम्ही 1956 लाच दीक्षाभूमीवर टाकून आलो, आता रक्ताची पत्रिका! हे जनुक मलेरियानं टिकवलं. जातीतल्या जातीत लग्नं लावून ते वस्तीत कोंडलं कोणी, हे कार्डावर लिहा की.

संशोधन करा. रक्त देतो, पाहिजे तेवढं. पण ज्याची नळी भरून नेली त्याच्या हातात महिन्याच्या कॅप्सुली ठेवा. पवनी-लाखांदूरला रात्री दोनला पोरगं कळवळलं तर दुखण्याचं इंजेक्शन अन् रक्ताची बाटली तिथंच मिळाली पाहिजे. तुमची अँटीबॉडी बर्फात झोपून येते. आमचं पोरगं एसटीच्या मागच्या सीटवर दुमडून नागपूरले जाते.