नकारानंतर वाढलेले गुण

बारावीला गुण कमी पडले की पुण्यातल्या हव्या त्या महाविद्यालयाचे दार बंद होते. मग विद्यार्थी संगमनेरला, बारामतीला किंवा सिन्नरला प्रवेश घेतो, पहिल्या वर्षी जीव तोडून अभ्यास करतो आणि दुसऱ्या वर्षासाठी पुण्यात ट्रान्सफर मागतो. महाविद्यालय नकार देते. पुढे पुनर्मूल्यांकनात त्याचे गुण वाढले, किंवा कुणी प्रवेश सोडल्याने त्याच वर्गात जागा रिकामी झाली, तरी नकार कायम राहतो. अशा विद्यार्थ्याला नवी गुणपत्रिका पुढे ठेवून फेरविचार मागण्याचा हक्क असला पाहिजे, आणि तो प्राचार्यांच्या मर्जीवर न सोडता लेखी नियमात आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तक्रारीची सोय आज आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार संस्थेच्या पातळीवर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल असतो. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि लोकपालाने ३० दिवसांत अपील निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, अशी अपेक्षा आहे. पण प्रवेशाच्या बाबतीत ही यंत्रणा तपासते ते मुख्यतः एवढेच, की जाहीर धोरण मोडले गेले का, गुणवत्ता डावलली गेली का. नकार नियमाला धरून दिला गेला आणि त्यानंतर गुण वाढले, तर यात कुणीच चुकलेले नसते. फक्त नकाराचा आधार गेलेला असतो. या प्रसंगासाठी आपल्याकडे खिडकीच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९६० च्या आराखड्यात कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याची वाट आखून दिली. तिथे नकार मिळालेला विद्यार्थी अपील करू शकतो. अट अशी, की आधीच्या अर्जात नसलेली, निर्णयावर परिणाम करील अशी नवी माहिती दाखवली पाहिजे. आपण २०२१ मध्ये श्रेयांक बँक उभारली, त्यामुळे श्रेयांक एका संस्थेतून दुसरीकडे नेता येतात. विद्यार्थ्यालाच बसायला जागा नाकारली गेली, तर ते श्रेयांक खात्यात पडून राहतात.

फेरविचाराची मुभा दिली तर अर्जांचा पूर येईल, हा पहिला आक्षेप. पुण्याला तो नवा नाही. उत्तरपत्रिका पाहू देण्याला आणि पुनर्मूल्यांकनाला पुण्यात मुख्यालय असलेल्या राज्य मंडळाचा विरोध होता आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा नियम उचलून धरला. निकालाला कुठेतरी पूर्णविराम हवा, या युक्तिवादात तथ्य होते. पण २०११ मध्ये त्याच न्यायालयाने, केंद्रीय मंडळाच्या प्रकरणात, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य केला. आज राज्य मंडळ स्वतःच छायाप्रत देते, पुनर्मूल्यांकनही करते, आणि दरवर्षीचे निकाल लागतातच. मुदत, शुल्क आणि अट ठरवून दिली की पूर आवरता येतो, हे त्या मंडळानेच दाखवले आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. स्वायत्त महाविद्यालये स्वतः प्रश्नपत्रिका काढतात, स्वतःच तपासतात. एका ठिकाणचे ८.५ सीजीपीए आणि दुसऱ्या ठिकाणचे ८.५ यांची बरोबरी कशी करायची? सढळ हाताने गुण देणाऱ्या संस्थेचा विद्यार्थी पुढे जाईल आणि कडक तपासणीचा मागे राहील, ही भीती खरी आहे. पण हीच अडचण पहिल्या अर्जालाही लागू आहे आणि म्हणून आपण पहिले अर्ज बंद केलेले नाहीत. विभागाने मूळ विषयांची एक छोटी लेखी परीक्षा घ्यावी, विद्यापीठाच्या सामाईक परीक्षेतले गुण असतील तर त्यांना अधिक वजन द्यावे. गुण कसे मोजणार हे अर्ज मागवतानाच जाहीर करावे. मोजमाप कच्चे असेल तर ते पक्के करावे लागेल. त्याची शिक्षा विद्यार्थ्याला कशासाठी?

ज्यांना आधीच प्रवेश मिळाला, त्यांच्यावर अन्याय होईल का? फेरविचार फक्त रिकाम्या जागांपुरता ठेवला तर कुणाचीच जागा जात नाही. शिकवणी बरीच पुढे गेल्यावर कुणाला वर्गात घेणे त्याच्याही हिताचे नाही, म्हणून वर्ग सुरू झाल्यापासून दोन आठवडे ही अखेरची मुदत असावी. पुनर्मूल्यांकनाचा निकाल त्याआधी लावणे ही विद्यापीठाची जबाबदारी. निकाल विद्यापीठाने लांबवायचा आणि मुदत विद्यार्थ्याची संपायची, हे चालणार नाही.

आज ट्रान्सफरचा नकार बहुधा खिडकीवरच तोंडी मिळतो आणि मग ओळखीपाळखीची, चिठ्ठीची धावपळ सुरू होते. ज्याच्या घरात कुणी कॉलेजात गेलेले नाही, त्याला चिठ्ठी कोण देणार? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने एक परिपत्रक काढून संलग्न महाविद्यालयांना तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात: नकार लेखी द्यावा, त्यात कारण आणि त्या दिवशीची रिकाम्या जागांची संख्या लिहावी, आणि नवी गुणपत्रिका कुणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची ते त्याच कागदावर छापावे.