हसतमुख चेहऱ्यामागचे दुःख

फ्रान्समधील कान येथील महोत्सवात, 2021 साली ‘समीक्षक सप्ताह’ या विभागात ‘रियाँ आ फूत्र’ हा फ्रेंच चित्रपट प्रथम दाखविण्यात आला. ‘कशाचीच पर्वा नाही’ असा या नावाचा काहीसा रांगडा अर्थ आहे. एमान्युएल मार व जुली लकूस्त्र यांनी तो दिग्दर्शित केला असून आदेल एक्झार्कोपुलोस या अभिनेत्रीने कासान्द्र या हवाई सेविकेची भूमिका केली आहे. मद्यपान व क्षणिक संबंधांची दृश्ये असल्याने मुलाबाळांसह पाहण्याजोगा हा चित्रपट नव्हे. तथापि, ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, अशा वडीलधाऱ्यांनी त्यातील आशय अवश्य विचारात घ्यावा.

कासान्द्र सव्वीस वर्षांची आहे. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लान्सारोते येथे राहून ती एका स्वस्त दराच्या विमान कंपनीत नोकरी करते. प्रवाशांची काळजी घेणे हे तिचे काम. परंतु पेये व अत्तरे किती खपली, यावरच तिची किंमत ठरते. रात्री मेजवान्या, सकाळी पुन्हा उड्डाण. सहकारी हक्कांसाठी संप करतात, तेव्हाही ती अलिप्तच राहते. उद्याचा विचार तिला नकोसा वाटतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. ओझे वाहणारा शरीर झिजवतो. सेवा देणाऱ्याला चेहऱ्यावरचा भावही वेतनाच्या बदल्यात द्यावा लागतो. चित्रपटात तर हसू चेहऱ्यावर टिकवून धरण्याचा सरावच करून घेतला जातो. उलट, एका व्यथित प्रवासी स्त्रीला मनापासून दिलासा देताना कासान्द्रकडून नियम मोडला जातो आणि तिच्यावर कारवाई होते. शिकवलेले हसू मान्य, आणि खरी करुणा मात्र गुन्हा!

यानंतर ती बेल्जियममध्ये माहेरी परतते. घरी वडील व धाकटी बहीण आहेत. आई मोटार अपघातात गेली आहे, आणि तिच्या मृत्यूचे दुःख तिघांनीही आपापल्या परीने मनात दडपून ठेवले आहे. कासान्द्रची बेफिकिरी ही स्वभावातील उथळता नव्हती, हे प्रेक्षकाला येथे उमगते. थांबले तर आठवण येईल, म्हणून ती थांबतच नव्हती.

जैन परंपरेत सकाळ-सायंकाळच्या प्रतिक्रमणाला जे स्थान आहे, त्याचे मर्म या संदर्भात ध्यानी येते. प्रतिक्रमण म्हणजे मागे वळणे. दिवसभर बाहेर धावणाऱ्या मनाने स्वतःकडे परतून काय घडले, कोणाला दुखावले, हे निवांतपणे पाहावे, अशी ती योजना आहे. कासान्द्रच्या दिनक्रमात असा एकही क्षण उरलेला नव्हता. मात्र प्रतिक्रमणही केवळ पाठ म्हणून उरकले, तर ते सरावाच्या हसण्याहून वेगळे राहत नाही.

व्यापारात नफा हवाच, लक्ष्यही हवे. परंतु काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीने गिऱ्हाइकाशी हसून बोलावे, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या मालकाने तिच्या घरी कोणी आजारी तर नाही ना, याची विचारपूस करणे हा त्याच व्यवहाराचा भाग आहे. जुन्या पेढ्यांवर मुनीमजींच्या घरचे सुखदुःख शेठजींना ठाऊक असे. आता हजेरी यंत्र घेते आणि विक्रीचा आकडा पडद्यावर दिसतो. माणसाची चौकशी मात्र कोणतेच यंत्र करत नाही. परगावी नोकरी करणाऱ्या स्वतःच्या मुलामुलींबाबतही हेच खरे. ‘पगार किती झाला?’ हा प्रश्न सर्वजण विचारतात. ‘मन रमते का?’ हा प्रश्न अनेकदा राहून जातो.

चित्रपटाच्या अखेरीस कासान्द्र दुबईत दिसते. महामारीचा काळ आहे. कारंज्यांचा झगमगाट पाहणारी गर्दी तोंडावर मुखपट्टी बांधून उभी आहे. ती सावरली की पुन्हा वाहवत गेली, याचे उत्तर दिग्दर्शक देत नाहीत. मुखपट्टीमुळे तिचे हसू दिसत नाही. दिसतात ते केवळ डोळे. आपल्याकडे काम करणाऱ्यांच्या व आपल्या लेकरांच्या डोळ्यांकडे पाहण्याची सवय प्रत्येक घराने व पेढीने स्वतःला लावून घ्यावी.