स्वेच्छा कुणाची?

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब अडकली, की आमच्या गप्पा पॅकेजवरून सुरू होतात आणि लेऑफवर संपतात. परवा कुणीतरी म्हणालं, ‘‘अरे, व्हॉलंटरी आहे ना? मग टेन्शन कसलं!’’ एरवी अखंड बडबडणारा आमचा नांदेडचा मित्र एकदम गप्प झाला.

त्याचे वडील उस्मानशाही मिलमध्ये होते. हे नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून. नांदेडकर नुसतंच ‘मिल’ म्हणायचे. १९७४च्या राष्ट्रीयीकरणात देशातल्या आजारी गिरण्या एनटीसीकडे गेल्या, त्यात हीसुद्धा होती. पुढे २००२ नंतर एनटीसीने तोट्यातल्या गिरण्या एकेक करून बंद करायला घेतल्या आणि कामगारांच्या हातात व्हीआरएसचा फॉर्म आला. मराठीत काय झकास शब्द आहे बघा, स्वेच्छानिवृत्ती! मशीनच बंद, मग इच्छा कसली?

बरं, कापसाचा दुष्काळ होता म्हणावं, तर तसंही नाही. नांदेडच्या संशोधन केंद्राचं ‘नांदेड-४४’ हे वाण १९८४ मध्ये आलं आणि गावोगावच्या शेतांत पोचलं.

मित्राच्या घरी व्हीआरएसची रक्कम आली आणि वाटे पडले. एक बहिणीच्या लग्नाला, दुसरा लातूरला. मराठवाड्यात पोराला दहावीला बरे मार्क पडले की घरात एकच विषय, ‘लातूर पॅटर्न’. ट्यूशन, मेस, खोलीभाडं. वडिलांची मिल सुटली आणि त्यावर याचं इंजिनिअरिंग झालं. वडील नंतर कापडाच्या दुकानात लागले. आयुष्यभर सूत काढलेला माणूस गिऱ्हाइकांपुढे ठाणं उलगडायला लागला.

आणि पेन्शन? १९९५च्या पीएफ पेन्शन योजनेला महागाईभत्ता जोडलेलाच नाही. किमान पेन्शन महिना १००० रुपये ठरली, तीही २०१४ मध्ये. आपण दोघं मल्टिप्लेक्सला जातो, तेव्हा पॉपकॉर्नसकट एवढे सहज उडतात. (मी हे कॅबमध्ये बोललो नाही. धीर झाला नाही.)

वाकडचा पूल आला तेव्हा तो स्वतःच बोलला. ‘‘बाबा रोज फोनवर एकच विचारतात, कंपनी चालू हाय ना रे? जेवला का, ते नंतर.’’

‘‘मग तू काय सांगतोस?’’

‘‘चालू हाय म्हणतो.’’