विश्लेषण : नोकरी सांभाळून लष्करात जाता येतं का? टेरिटोरियल आर्मीची भरती, पगार आणि पेन्शनचे नियम काय सांगतात?

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' सुरू असताना केंद्र सरकारची एक अधिसूचना सोशल मीडियावर जोरात फिरली. टेरिटोरियल आर्मीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला गरजेनुसार बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना देण्यात आले होते. मग काय, 'आता धोनी सीमेवर जाणार का?' इथपासून 'आम्हालाही भरती व्हायचंय, फॉर्म कुठे मिळेल?' इथपर्यंत प्रश्नांचा पाऊस पडला.

त्यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. नोकरी किंवा व्यवसाय सुरू ठेवून वर्षातले काही दिवस गणवेशात काढायचे, ही कल्पना अनेकांना आवडते. पण त्या काळात पगार कोण देतं? कंपनीने परत घेतलं नाही तर? पेन्शन मिळते का? आणि खरंच युद्ध झालं तर? एकेक मुद्दा समजून घेऊया.

टेरिटोरियल आर्मी म्हणजे नेमकं काय?

मराठीत हिला 'प्रादेशिक सेना' म्हणतात. नियमित लष्कराच्या मागे उभी असलेली ही राखीव फळी. आपला कामधंदा करणाऱ्या नागरिकांना लष्करी प्रशिक्षण द्यायचं आणि गरज पडेल तेव्हा त्यांना बोलवायचं, हा तिचा मूळ विचार.

ब्रिटिश काळात १९२० च्या कायद्याने 'इंडियन टेरिटोरियल फोर्स' उभी राहिली होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये टेरिटोरियल आर्मी कायदा आला. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी या सेनेचं उद्घाटन केलं. म्हणूनच ९ ऑक्टोबर हा 'टेरिटोरियल आर्मी दिन' असतो. 'सावधानी व शूरता' हे तिचं ब्रीदवाक्य.

१९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत या सेनेच्या तुकड्यांनी काम केलं आहे. इन्फंट्री बटालियनशिवाय तिच्यात आणखीही प्रकार आहेत. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल यांच्या कर्मचाऱ्यांच्या तुकड्या संकटकाळात त्या सेवा सुरू ठेवण्यासाठी असतात. काश्मीरमध्ये स्थानिकांना घेऊन तयार झालेल्या 'होम अँड हर्थ' बटालियन आहेत. झाडं लावणाऱ्या पर्यावरण बटालियनही आहेत. त्यातली पहिली १९८२ मध्ये मसुरीच्या उघड्या पडलेल्या डोंगरांसाठी उभारली गेली.

महाराष्ट्रात कुठे आहेत या बटालियन?

पुण्यात १०१ आणि कोल्हापुरात १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या बटालियन आहेत. नाशिकजवळ देवळालीत ११६ पॅरा, तर नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यात ११८ ग्रेनेडियर्स. मराठवाड्यात वृक्षलागवडीसाठी २०१७ मध्ये १३६ इको महार ही बटालियन सुरू झाली. पर्यावरण बटालियनमध्ये प्रामुख्याने माजी सैनिक असतात.

धोनी आणि सचिन पायलट, दोघांत फरक काय?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. महेंद्रसिंह धोनीला २०११ मध्ये टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला. कपिल देव, अभिनेते मोहनलाल, नेमबाज अभिनव बिंद्रा आणि २०२५ मध्ये भालाफेकपटू नीरज चोप्रा यांचे हुद्देही मानदच आहेत. हा सन्मान असतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. धोनीने २०१९ मध्ये काश्मीरमध्ये १०६ पॅरा बटालियनसोबत सुमारे दोन आठवडे काढले, पण ते त्याने स्वतःहून केलं होतं. आणि सचिन तेंडुलकर? तो हवाई दलाचा मानद ग्रुप कॅप्टन आहे. त्याचा टेरिटोरियल आर्मीशी संबंध नाही.

सचिन पायलट यांचा मार्ग वेगळा. केंद्रात मंत्री असताना २०१२ मध्ये ते निवड प्रक्रियेतून लेफ्टनंट झाले. खासदार अनुराग ठाकूर २०१६ मध्ये याच मार्गाने आले. सामान्य नोकरदारासाठी खुला असलेला मार्ग हाच आहे.

अधिकारी व्हायचं तर अटी काय?

वय १८ ते ४२ वर्षं, पदवी, शारीरिक व वैद्यकीय तंदुरुस्ती, भारतीय नागरिकत्व आणि उत्पन्नाचं स्वतःचं साधन. शेवटची अट नीट वाचायला हवी. तुम्ही कमावते नसाल तर अधिकारी म्हणून अर्जच करता येत नाही. कारण ही योजना नोकरी देण्यासाठी नाहीच. ज्याच्याकडे आधीच काम आहे, त्याच्यासाठी ती आहे. सरकारी नोकरीत असाल तर खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं.

आधी लेखी परीक्षा होते. तर्कक्षमता, गणित, सामान्यज्ञान आणि इंग्रजी असे चार विभाग आणि चुकीच्या उत्तराला गुण कपात. त्यानंतर प्राथमिक मुलाखत, मग एसएसबी आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. म्हणजे एसएसबीची चाळणी नियमित लष्करात जाणाऱ्यांसारखी इथेही आहेच.

जागा किती? २०२५ च्या जाहिरातीत फक्त १९. त्यातल्या १८ पुरुषांसाठी आणि १ महिलेसाठी.

महिलांना हे दार उघडलं त्यामागे न्यायालयीन लढाई आहे. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असा शब्द आहे, मग त्यातून महिलांना वगळता कसं येईल, हा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने महिलांच्या बाजूने निकाल दिला.

वर्षातले किती दिवस द्यावे लागतात?

पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण असतं. दरवर्षी दोन महिन्यांचं वार्षिक शिबिर असतं आणि पहिल्या वर्षीचा तो एक महिना त्याव्यतिरिक्त असतो. याशिवाय पहिल्या दोन वर्षांत चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यामुळे सुरुवातीची दोन वर्षं सर्वात जड जातात.

पण शिबिर ही फक्त किमान हजेरी झाली. कायद्यानुसार तीन परिस्थितींत प्रत्यक्ष लष्करी सेवेची जबाबदारी येते. पहिली, नागरी प्रशासनाच्या मदतीला किंवा महत्त्वाच्या ठिकाणांच्या पहाऱ्याला बोलावलं तर. दुसरी, प्रशिक्षणासाठी किंवा नियमित लष्कराला बळ देण्यासाठी 'एम्बॉडी' केलं तर. तिसरी, नियमित तुकडीशी जोडलं तर. 'एम्बॉडी' होणं म्हणजे सोप्या भाषेत घरचा माणूस कामावर रुजू होणं. त्या दिवसापासून तो पूर्णवेळ सैनिक असतो आणि लष्करी कायदा त्याला लागू होतो.

ही मुदत किती असेल? भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं की गरजेनुसार ती बरीच लांबू शकते. मे २०२५ ची अधिसूचना हे ताजं उदाहरण. ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ बटालियन एम्बॉडी करायला तिने मंजुरी दिली आणि आदेशाची मुदत होती १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८, म्हणजे तब्बल तीन वर्षं. अर्थसंकल्पात पैसा उपलब्ध असेल तरच, ही अटही होती. दुसऱ्या मंत्रालयाने बटालियन मागितली तर खर्च त्या मंत्रालयाच्या खात्यावर पडतो.

पगार मिळतो का?

मिळतो, पण फक्त प्रशिक्षणावर किंवा सेवेवर असलेल्या दिवसांचा. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर १५,५०० रुपये सैन्य सेवा वेतन आणि इतर भत्ते. दोन महिन्यांच्या शिबिराचा हिशोब केला तर भत्ते सोडून साधारण १ लाख ४३ हजार रुपये होतात. उरलेले दहा महिने लष्कराकडून काही येत नाही.

कंपनीने परत कामावर घेतलं नाही तर?

नोकरदारांसाठी कळीचा प्रश्न हाच. १९४८ च्या कायद्यातलं कलम '७ अ' नोकरदाराच्या बाजूने आहे. लष्करी सेवा संपल्यावर मालकाने त्याला आधीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर परत कामावर घ्यावं, असं ते सांगतं. कलम '७ ब' प्रॉव्हिडंट फंडासारखे हक्क जपण्यासाठी आहे.

आता बारीक अक्षरं वाचूया. मालकाने 'परत घेणं शक्य नाही' असं म्हटलं, तर प्रकरण ठरलेल्या प्राधिकाऱ्याकडे जातं. तो मालकाला परत घ्यायला सांगू शकतो, भरपाई द्यायला लावू शकतो किंवा मालकाला सूटही देऊ शकतो. भरपाईची कमाल मर्यादा आहे सहा महिन्यांच्या पगाराइतकी. प्राधिकाऱ्याचा आदेश धुडकावला तर दंड किती? जास्तीत जास्त १,००० रुपये. शिवाय सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत कर्मचाऱ्याने परत रुजू होण्यासाठी अर्ज केला नाही, तर मालक हेच कारण पुढे करू शकतो.

समजा, हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टीम लीड असलेली व्यक्ती दोन वर्षांसाठी एम्बॉडी झाली. कागदावर तिची नोकरी सुरक्षित आहे. पण त्या दोन वर्षांत प्रोजेक्ट संपलेला असतो, टीम बदललेली असते, बरोबरीचे लोक पुढे गेलेले असतात. हुकलेलं प्रमोशन कायद्याच्या कोणत्या कलमात बसवायचं? स्वतःचा दवाखाना, दुकान किंवा वकिली असलेल्यांना तर मालकच नसतो, त्यामुळे या संरक्षणाचा त्यांना उपयोग नाही. सरकारी कर्मचाऱ्याला यातलं बरंच सोपं जातं, खासगीतल्या माणसाला अवघड.

पेन्शनचं काय?

टेरिटोरियल आर्मी हे पूर्णवेळ करिअर नाही आणि ती पेन्शनची हमी देत नाही, असं जाहिरातीत स्पष्ट असतं. पेन्शनसाठी प्रत्यक्ष एम्बॉडी असलेला काळच मोजला जातो. अधिकाऱ्यांसाठी ही अट २० वर्षांची, तर जवानांसाठी १५ वर्षांची. फक्त दोन महिन्यांची शिबिरं करणाऱ्या अधिकाऱ्याला २० वर्षं भरायला १२० वर्षं लागतील!

अधिकाऱ्यासाठी हा मुद्दा दुय्यम असू शकतो, कारण घर दुसऱ्या पगारावर चालतं. जवानांचं तसं नाही. दहावी पास तरुणांसाठी निघणाऱ्या टेरिटोरियल आर्मीच्या भरती मेळाव्यांना होणारी गर्दी पाहिली तर कळतं की नोकरी सांभाळून सेवा करायला आलेले त्यात थोडे आणि नोकरी शोधत आलेले जास्त असतात. बटालियन एम्बॉडी असेल तोवर ती त्यांच्यासाठी पूर्णवेळ नोकरीच असते. बटालियन घरी पाठवली की पगारही थांबतो.

अपंगत्वाच्या पेन्शनबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा निकाल महत्त्वाचा आहे. सुमारे २५ वर्षं नियमित लष्करात काढलेला एक सैनिक नंतर कुमाऊंच्या पर्यावरण बटालियनमध्ये आला. तिथे सेवेत असताना २००९ मध्ये त्याला अपघात झाला आणि एक पाय गमवावा लागला. वैद्यकीय मंडळाने ८० टक्के अपंगत्व नोंदवलं. तरीही पर्यावरण बटालियनच्या सेवा अटींकडे बोट दाखवून त्याला पेन्शन नाकारण्यात आली. सरकार आणि एकटा जवान यांची ताकद सारखी नसते, त्यामुळे अशा अटीवर सही घेतली म्हणून हक्क जात नाही, अशी भूमिका घेत न्यायालयाने त्याला अपंगत्व पेन्शन मंजूर केली. अपघात ते निकाल, मध्ये १२ वर्षं गेली.

धोका कितपत खरा आहे?

पूर्ण खरा. २०१९ मध्ये मरणोत्तर अशोक चक्र मिळालेले लान्स नाईक नझीर अहमद वाणी हे टेरिटोरियल आर्मीच्या १६२ बटालियनचे होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये शोपियाँमध्ये दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. जून २०२२ मध्ये मणिपूरच्या नोनी जिल्ह्यात रेल्वेमार्गाच्या कामाला संरक्षण देणाऱ्या १०७ बटालियनच्या तळावर दरड कोसळली आणि अनेक जवानांचा मृत्यू झाला. 'पार्ट टाइम' हा शब्द वेळेपुरता आहे. गोळी आणि दरड तो बघत नाही.

अर्ज करण्यापूर्वी काय तपासाल?

- कंपनीच्या रजा धोरणात लष्करी सेवेसाठी तरतूद आहे का, हे एचआरकडून लेखी घ्या. शिबिराच्या काळात खासगी कंपनीने पगार द्यावा, असं कायदा म्हणत नाही.
- घराचे हप्ते लष्करी पगारावर चालतील का, याचा दोन महिन्यांचा आणि दोन वर्षांचा असे दोन्ही हिशोब करा.
- विमा पॉलिसीत लष्करी सेवेतल्या मृत्यूबद्दल काय लिहिलंय ते वाचा.
- सेवा संपताच कामावर परत घेण्यासाठी लेखी अर्ज द्या. दोन महिन्यांची मुदत विसरू नका.
- भरती फक्त अधिकृत जाहिरातीतून होते. पैसे घेऊन निवड करून देतो म्हणणारा एजंट म्हणजे फसवणूक.

२०२५ च्या अधिसूचनेनंतर अनेकांनी देशासाठी वेळ द्यायची तयारी दाखवली. ती खरी मानायची, तर ज्या कायद्यावर ही सगळी रचना उभी आहे, त्याकडेही बघावं लागेल. सैनिकाला कामावर परत न घेणाऱ्या मालकाला १,००० रुपये दंड, ही तरतूद आजच्या कंपन्यांना किती रोखेल? खासगी क्षेत्रातून राखीव सैनिक हवे असतील, तर याचं उत्तर संसदेला द्यावं लागेल. तोवर अर्ज भरणाऱ्याने आपल्या बॉसशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.