हाताची घडी, तोंडावर बोट

मराठी बालवर्गाची भाषा बव्हंशी आज्ञार्थी आहे. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत बालकाविषयी कितीही आदर असो, वर्गात पाऊल पडताच ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे सूत्र पुढे येते. त्याचा अर्थ नीट पाहावा: हात आणि वाचा, म्हणजे मुलाची शिकण्याची दोन्ही साधने, एकदमच जप्त होतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभले व पुढे ते कोसबाडला नेले. वारली मूल शाळेत येत नाही म्हणून त्याला दूषण न देता शाळाच त्याच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी तिची कुरणशाळा झाली. आदर म्हणतात तो हा. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. (नाव नेणे नेहमीच सोपे असते.)

रडणाऱ्या मुलाशी खाली बसून, त्याच्या घरच्या बोलीत कसे बोलावे, हा खरे तर प्रशिक्षणाचा गाभा हवा. परंतु ते बोलणार कोण? अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, ‘मानधन’ मिळते. त्या शब्दातला ‘मान’ तिच्या वाट्याला किती येतो? जिच्याशी वरिष्ठ आज्ञार्थातच बोलतात, तिने मुलाशी आर्जवाने बोलावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. प्रशिक्षणवर्गात आधी तिचे अनुभव ऐकून घ्यावेत. अभ्यासक्रमाचे पान नंतर उघडावे.