अंदाजपंचे

नागपूरच्या स्वयंपाकावर बोलण्याचा अधिकार सध्या तीन प्रकारच्या लोकांनी आपसांत वाटून घेतलेला आहे. पहिले, जे एकदाच जेवले आणि रडले. दुसरे, जे कधीच जेवले नाहीत, पण रडलेल्यांना ओळखतात. आणि तिसरे, जे सावजी मसाल्याची पाकिटं विकतात. एरवी या तिघांचं एकमेकांशी पटायचं काही कारण नाही. पण दोन गोष्टींवर त्यांचं एकमत आहे. एक, सावजी म्हणजे तिखटजाळ. आणि दोन, त्या जाळामागे बत्तीस मसाल्यांचं एक गुपित आहे. माझं भांडण या दोन्हींशी आहे.

तिखटाचा निकाल आधी लावून टाकू. साधारणपणे दर डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. दिवसभर सभागृहात ज्यांना विरोधी पक्ष घाम फोडू शकत नाही, त्यांना रात्री एक वाटी रस्सा फोडतो. ही मंडळी परत जाऊन सांगतात, "काय तिखट खातात हो तिकडं!" १९५६ साली आमची राजधानी गेली, त्याची भरपाई म्हणून हे अधिवेशन आणि हा लौकिक एवढंच आमच्या पदरात पडलं. पण पाहुण्याला रडवणारा रस्सा हा बहुतेक वेळा पाहुण्याला रडवण्यासाठीच केलेला असतो. तो हॉटेलचा खेळ झाला. घरचा डाळकांदा, घरचा पाटवडीचा रस्सा जेवा. तिखट असतोच, नाही कशाला म्हणू? पण मिरची तिथे मंडळाची एक सभासद असते, अध्यक्ष नसते.

हे मी ऐकीव सांगत नाही. पाचपावलीतल्या एका कोष्टी घरात मी सहा महिने दर रविवारी स्वयंपाक शिकायला जात होतो. शिकवणाऱ्या काकू सत्तरीच्या. पहिल्या दिवशी माझ्या हातातली वही बघून त्या म्हणाल्या,

"हे कायले आणली जी?"

"लिहून घेतो."

"लिवा बाप्पा. लिवल्यानं वास येत असन तं लिवा."

मी लिहायला बसलो. "धने किती घ्यायचे?"

"लागन तेवढे."

"भाजायचे किती वेळ?"

"होईन तवरी."

"पण झाले हे कळणार कसं?"

"नाकाले कळते न भाऊ. तुमी नाक वहीत खुपसून बसले तं त्याले कसं कळन?"

आता शिकलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की तो मनातल्या मनात हसतो आणि म्हणतो, 'अंदाजपंचे दाहोदरसे!' म्हणजे शास्त्र नाही, माप नाही, सगळा हातचलाखीचा मामला. माझा खरा राग आहे तो या हसण्यावर. काकूंच्या घरात मोजमाप नाही असं ज्याला वाटतं, त्याने एकदा त्यांचा हात बघावा. धने नवे की जुने, भिवापूरची मिरची यंदाची की गेल्या सालची, खोबरं तेलकट की कोरडं, हे चिमटीत धरून बघतात आणि त्याप्रमाणे घेतात. म्हणून दर रविवारी त्यांचं माप वेगळं असायचं आणि चव मात्र तीच. आमच्या घरी पाकिटाच्या पाठीवर 'दोन चमचे' छापलेलं असतं. ते माप कधी बदलत नाही, आणि चव दर वेळी निराळी. यातलं शास्त्रशुद्ध कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

पुस्तकांशी माझं वैर नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने किती तरी नव्या संसारांचं जेवण तारून नेलं. त्या बाईंना माझा साष्टांग नमस्कार. पण माप कागदावर उतरतं, वास उतरत नाही. खसखस आणि धने एकाच कढईत एकदम टाकले तर धने जागे होण्याआधी खसखस जळून जाते, म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, हे लिहिता येईल. पण 'आता काढ' हा क्षण लिहिता येत नाही. तो शेजारी उभा राहूनच कळतो, आणि बहुतेक वेळा काकूंनी ओरडल्यावर.

लांब रोटीचं तर विचारूच नका. लोकवन गव्हाची कणीक पाणी शिंपडत, परातीत आपटत इतकी सैल करायची की उचलली तर हाताबरोबर लोंबत आली पाहिजे. मग तो गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर पसरायचा. कणीक किती सैल? "लोंबन पण तुटन नाही इतकी." याहून नेमकी व्याख्या एखाद्या इंजिनियराने करून दाखवावी.

गंमत बघा. गवई अंदाजाने सूर लावतो, शिष्याला वही न देता समोर बसवतो, वर्षानुवर्षं घोटून घेतो, त्याला आपण घराणं म्हणतो. काकू तेच करतात, त्याला आपण अडाणीपणा म्हणतो. किराणा घराण्याला मान आहे. किराणा आणून चार पिढ्या रांधणाऱ्या घराला नाही!

आता ते गुपित. काकूंनी मला पहिल्याच रविवारी सगळे डबे उघडून दाखवले. दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, रस्सा दाट व्हायला भाजल्या ज्वारीचं पीठ. "बत्तीस आहेत का हो?" म्हटलं, तर म्हणाल्या, "मोजले नाही जी कदी. तुमाले मोजाचे असन तं मोजा, पण आदी कांदा चिरून द्या." गुपित हा दुकानदाराचा शब्द आहे. आणि तो आपल्यालाही सोयीचा आहे, कारण एकदा गुपित म्हटलं की शिकायची जबाबदारी संपली. पाकीट घेतलं, फोडलं, झालं.

तिकडे बाली बेटावर जगभरचे लोक विमानाने जातात, पदरचे पैसे मोजून कुणाच्या तरी घरी दगडी खलात हळद, आलं, लसूण, मिरच्या कुटत बसतात. त्या वाटणाला तिथे 'बसे गनप' म्हणतात, म्हणजे परिपूर्ण मसाला. परत येऊन अल्बम दाखवतात. आमच्यातलेही काही दाखवतात. त्यांना पाचपावलीला चला म्हटलं की "पार्किंग मिळत नाही हो तिथं."

हसण्यावारी नेऊ नका, कारण हे एकदा घडून गेलेलं आहे. सावजी जेवण ज्या हलबा कोष्टी घरांचं, ती मुळात विणकरांची घरं. विणणंही तिथे असंच शिकवलं जाई, बापाच्या शेजारी बसून, वहीशिवाय. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, मागाहून यंत्रमाग आले, आणि शहाणी माणसं म्हणाली, हातमागाचं एवढं काय, गिरणीचं कापड स्वस्त पडतं. माग थंडावले. पुढे मिलही बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. माग बसले तेव्हा चुलीने संसार ओढला, ओसरीवर खाणावळी सुरू झाल्या, असं जुनी माणसं सांगतात. काकूंच्या घरात मागाचा खड्डा बुजवलेला आहे. त्याच जागेवर पाटा आहे. नातू पुण्याला नोकरीला आहे. तो पाकीट नेतो.

मागाचं झालं ते पाट्याचं व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. तुमच्या आळीत अशी एखादी काकू असेलच. तिच्या घरी जा, चार रविवार कांदा चिरा, शिकवणीची फी ठेवा, आणि तिच्या हातचं घरी केलंत तर पाहुण्यांना मसाल्याचं नाही, तिचं नाव सांगा. आणि यापुढे कुणी बत्तीस मसाल्यांची गोष्ट सुरू केली, तर त्याला एवढंच विचारा, "ते असू द्या. खसखस कधी काढायची ते सांगा."