शिक्का खरा, ओळख खोटी

संकेतस्थळ उघडताना संगणक प्रथम त्याचे डिजिटल प्रमाणपत्र तपासतो. बंगळूरच्या शिवाजीनगरमधील व्यापारी असो वा पुण्यातील निवृत्तिवेतनधारक, त्यांच्या पासवर्डची सुरक्षितता या तपासणीवर अवलंबून असते. मात्र प्रमाणपत्र देणारी यंत्रणाच फसली तर ही तपासणी निरर्थक ठरते. भारताने हे जुलै २०१४ मध्ये अनुभवले.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) अधिकारातून आपल्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे २ जुलै रोजी गूगलच्या निदर्शनास आले. दुसऱ्याच दिवशी प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी एनआयसीची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. गूगलची तीन आणि याहूचे एक, अशी चारच बनावट प्रमाणपत्रे असल्याचे नियंत्रकांनी सांगितले. गूगलला मात्र त्याखेरीजही काही आढळली होती.

भारताचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासयादीत असल्याने धोका देशाच्या सीमेपलीकडे पोहोचला. फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत ते नसल्याने त्याचे वापरकर्ते बचावले. मायक्रोसॉफ्टने १० जुलै रोजी ही प्रमाणपत्रे अविश्वसनीय ठरवली, तर गूगलने भारताचे प्रमाणन सरकारी, शैक्षणिक व अन्य मोजक्या भारतीय नावांपुरते मर्यादित केले.

नेदरलँड्समधील डिजिनोटार कंपनी अशाच घुसखोरीनंतर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. प्रत्येक नव्या प्रमाणपत्राची जाहीर नोंद क्रोमने २०१८ पासून बंधनकारक केली, ती अशा अनुभवांमुळेच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नियंत्रकांना देशात अधिकार देतो. जगाचा विश्वास मात्र पारदर्शकतेनेच मिळवावा लागतो.